एका दिव्याचा ट्रक

मी चुकीच्या ट्रकला दगड मारला.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे धुकं येणार आहे, पेंढ्याचा वास येणार आहे, आणि त्या भरात वाचणाऱ्याला वाटायचं की हा कोणी हळवा, भला गृहस्थ दिसतो. तसं काही नाही. दगड मुठीएवढा होता, नेम अचूक होता, फक्त ट्रक दुसरा होता. जन्मात माझा नेम तेवढा एकदाच लागला.

आज सकाळी खिडकी उघडली आणि समोरचं गोडाऊन दिसेना. मार्गशीर्षातलं धुकं पूर्णा गावावर असं उतरलं होतं की निळे पत्रे, कुंपण, रांगेत उभे कंटेनर सगळं पुसून गेलं होतं. धुक्याची ही एक गोष्ट मला फार आवडते. त्याला जुनं गाव पाठ आहे. गोडाऊन पुसलं की त्याजागी भाताचं शेत आपोआप येऊन बसतं, बांधावर बगळा उभा राहतो, आणि कापणी झालेल्या रानात पेरलेल्या वालाच्या वेली दवाने जड होऊन पडलेल्या दिसतात. मी नाक वर करून पेंढ्याचा वास शोधला. डिझेलचा आला, नव्या पुठ्ठ्याचा आला. तरी शोधत राहिलो. तेवढ्यात कुठूनसा हॉर्न वाजला, आणि माझा डावा पाय पॅडलवरून जमिनीवर टेकायला निघाला. खाली पॅडल नव्हतं. मी चटईवर उभा होतो, सत्तरी ओलांडलेला, लुंगी नेसलेला.

पायाला वय कळत नाही, एवढंच खरं.

दगड मारला त्या साली मी बाविशीचा होतो आणि भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात मेहता होतो. मेहता म्हणजे कारकून: कोणाच्या लूमवर किती कापड निघालं, सूत किती गेलं, कोण वेळेवर आला, कोण नाही, हे लिहिणारा माणूस. इंटरला दोनदा बसून दोनदा आपटल्यावर वडिलांनी विचारलं होतं, "शेतात येतोस की लिहायला जातोस?" चिखलाला मी घाबरत असे, म्हणून लिहायला गेलो. कानाला पेन्सिल लावून मी सायकलवर बसायचो तेव्हा मला वाटायचं, रस्ता माझ्याकडे बघतोय. रस्ता खरोखरच बघत होता, पण त्याचं कारण माझी पॅन्ट चेनमध्ये अडकलेली असायची हे होतं.

पूर्ण्याहून भिवंडी अर्ध्या तासाची. आठच्या शिफ्टला जाणारे आम्ही दहा-बारा जण सव्वासातला नाक्यावर जमायचो आणि एका ओळीत निघायचो. हँडलला डब्याची पिशवी, डोक्याला मफलर, पाठीवर धुकं. दोन्ही बाजूंना झोडणी झालेली शेतं, पेंढ्याच्या गंज्या, खाडीकडून येणारा खारट, ओला वास. बोलणं कमी. चेनची करकर, कोणाच्या तरी मडगार्डची टणटण, आणि राहनाळ जवळ आलं की गावाच्या पलीकडून ऐकू येणारे लूम. लांबून तो आवाज लूमचा वाटतच नसे. वाटायचं, कुठेतरी पत्र्यावर पाऊस पडतोय आणि आपण त्या पावसाकडे सायकल मारत चाललोय, पण अंगावर मात्र थेंब नाही.

आणि मग मागून ट्रक यायचे.

हा आग्रा रोड. नाव थोर, रुंदी बेताची. दोन ट्रक एकमेकांना ओलांडायला लागले की सायकलवाल्याच्या वाट्याला उरायची साइडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेपासून वीतभर खाली असलेली खडीमाती. ट्रकवाले त्या वीतभर उंचीवरून आम्हाला असे खाली उतरवायचे, जसं कोणी जेवता जेवता ताटाजवळची माशी हाकलावी. रागही नसे त्यात. म्हणून तर आम्हाला जास्त राग यायचा.

यावर आमच्या ओळीचा एक कायदा होता. सगळ्यात मागच्या माणसाला म्हणायचे 'शेपूट'. शेपटाने गप्पा मारायच्या नाहीत, विडी ओढायची नाही, स्वप्नं बघायची नाहीत. कान मागे ठेवायचा. ट्रकचा आवाज आला की लांब हाळी द्यायची, "गाडीऽऽ!" की अख्खी ओळ, दोऱ्यातले मणी ओघळावेत तशी, एकामागून एक साइडपट्टीवर उतरायची. ट्रक गेला की पुन्हा वर. शेपूट रोज बदलायचं. माझी पाळी आली की पुढचे लोक थोडे जास्त जोरात पॅडल मारतात असं मला वाटायचं, पण मी तो माझ्याविषयीचा आदर समजत असे.

सगळ्या ट्रकांत एक आमचा खास वैरी होता. निळ्या रंगाचा, उजवा दिवा फुटलेला, म्हणून त्याचं नाव काण्या. तो मुद्दाम जवळून जायचा. अगदी कानाशी आल्यावर हॉर्न दाबायचा, आणि ओळ विस्कटली की क्लीनर दारातून बाहेर लटकून दात काढायचा. काण्याला आम्ही आठवडाभरात जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या मोजल्या असत्या तर... पण मोजायचं काम माझं, आणि मी त्या शिव्या देण्यात गुंतलेलो.

खरं सांगायचं तर आम्हीही काही साधुसंत नव्हतो. हेच आम्ही, रस्त्यावर ट्रकांचा मार खाल्लेले, भिवंडीच्या गल्लीत शिरलो की अंगात येऊन घंटी बडवायचो. डोक्यावर कापडाचा ताका घेऊन चाललेला हमाल, कळशी घेतलेली बाई, हातगाडीवाला, सगळ्यांनी आमच्यासाठी भिंतीला चिकटावं अशी आमची अपेक्षा. एकदा एका हातगाडीवाल्याने गाडी आडवीच लावली आणि मला म्हणाला, "ए बाबूसाब, घंटी बजाने से पहिया छोटा नहीं होता मेरा." मी घंटीवरचं बोट काढलं. पुढच्या गल्लीत पुन्हा ठेवलं.

आमच्या ओळीत माझ्या पुढे बहुतेक कमळूदादा असायचा. कमळूदादा आमच्याच आळीतला, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, रुंद पाठीचा. त्याच्या पाठीमागून गेलं की वारा लागत नसे. तो माझ्याच कारखान्यात लूम चालवायचा. चार लूम त्याचे. मालकाचेच, पण कमळूदादा "माझे चार" असंच म्हणायचा, जसं कोणी मुलांबद्दल बोलावं. ते चार हातात यायला त्याला दोन वर्षं बदली म्हणून दारात उभं राहावं लागलं होतं. कारखान्याबाहेर पानाच्या टपरीशी असे बदलीवाले रोज उभे असायचे. भोंगा झाला आणि एखादा कारागीर आला नाही, की त्यातला एक आत घेतला जायचा. महिन्यात तीनदा असं झालं की लूम त्या बदलीचेच होऊन जायचे, आणि ज्याचे होते तो टपरीशी जाऊन उभा राहायचा. कागदावर हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

त्या महिन्यात कमळूदादाचा एक उशीर झाला होता, चेन तुटून. दुसरा माझ्यामुळे झाला.

शेपूट मी होतो. सकाळ अशी काही होती की काय सांगू. धुक्यातून सूर्य वर येत होता, पण तापलेला नव्हता, नुसता तांबड्या भोपळ्यासारखा शेतावर ठेवलेला. एका गंजीवर शेकडो कोळ्यांची जाळी, प्रत्येक जाळ्यात दवाचे थेंब. मी बघत राहिलो. मला वाटलं, जगात कोळ्याएवढा बारीक विणणारा कारागीर नाही, आणि याच्या कापडाची नोंद कोणत्या वहीत करायची? असला विचार मेहत्यालाच सुचू शकतो, आणि तो शेपटाला कधीच सुचू नये. काण्याचा आवाज मी ऐकलाच नाही. हॉर्न वाजला तेव्हा तो माझ्या खांद्याला घासून पुढे गेला होता. मी कसाबसा खाली उतरलो. कमळूदादा उतरला नाही, फेकला गेला. वालाच्या वेलींत तो बसलेला, डबा उघडून भाकरी चिखलात, आणि पुढच्या चाकाचा इंग्रजी आठ झालेला.

"हाळी का न्हाय दिलीस रं?" त्याने एवढंच विचारलं.

मी म्हणालो, "धुकं होतं."

"धुक्यात कानाला काय झालं?"

मी त्याची भाकरी उचलून झटकू लागलो. तो सायकल खांद्यावर घेऊन चालत गेला आणि भोंग्यानंतर वीस मिनिटांनी पोचला. त्या दिवशी त्याचे चार दुसऱ्याने चालवले आणि ती नोंद मला करावी लागली. माझंच अक्षर, माझीच पेन्सिल. आता आणखी एक उशीर, की दोन वर्षांची उभं राहण्याची कमाई गेली. घरी त्याची दोन लहान मुलं आणि होळीपर्यंत पुरेल एवढा भात. तो मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मग मला दगड सुचला नसता.

दोष आपला असला की माणसाला न्यायाची फार घाई होते. मी ठरवलं, काण्याला धडा शिकवायचा. दुसऱ्याच दिवशी सर्दीचं कारण सांगून मी ओळीच्या आधी एकटा निघालो. राहनाळच्या अलीकडे एक मोरी आहे, म्हणजे तेव्हा होती. तिच्या कठड्यामागे सायकल आडवी टाकली, दगड निवडला आणि बसलो.

त्या बसण्याची आठवण मला अजून येते, आणि लाज बाजूला ठेवून सांगतो, गोड येते. धुकं एवढं दाट की मोरीखालचं पाणी दिसत नव्हतं, नुसतं बोलत होतं. दूरचे लूम पडत होते, पत्र्यावरच्या पावसासारखे. पेंढ्याचा उबदार वास येत होता, गोठ्यातून येतो तसा. मला वाटलं आपण इथे खूप वर्षं बसलोय, आणि अजून खूप वर्षं बसणार आहोत. इतका शांत मी पुन्हा कधी झालो नाही. हातात दगड असताना माणसाला एवढं शांत वाटावं, हे बरं लक्षण नव्हे.

मग धुक्यात एक पिवळा दिवा उगवला. एकच. तो डुलत डुलत येत होता, आणि मागून इंजिनाची धाप. मी उठलो, डोळे मिटले आणि फेकला.

काचेचा आवाज फार सुंदर झाला. बर्फासारखा.

ट्रक कचकचत थांबला. तो हिरवा होता. त्या काळी निम्मे ट्रक एकाच दिव्यावर धावायचे, हा हिशेब मेहत्याला आदल्या रात्री सुचायला हवा होता. उजव्या दारातून हातात टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी दांडी, घेतलेला ड्रायव्हर उतरला. नाशिककडचा, दाढी वाढलेला, केसांत काचेचे तुकडे चमकत होते. आणि डाव्या दारातून, हातात डब्याची पिशवी सांभाळत, कमळूदादा उतरला.

झालं होतं असं. आदल्या दिवशी ठोकून सरळ केलेलं चाक नाक्यापासून थोड्याच अंतरावर पुन्हा बसलं. ओळ पुढे निघून गेलेली. कमळूदादा रस्त्यात सायकल धरून उभा, आणि या भल्या माणसाने आपणहून ट्रक थांबवला, सायकल मागे टाकली, दादाला शेजारी बसवलं आणि म्हणाला, "भोंग्याच्या आधी पोचवतो." ते दोघे ओळीला मागे टाकून, चहाच्या गोष्टी करत, वेळेच्या आधी येत होते. मध्ये मी होतो.

"हा कोण?" ड्रायव्हरने टॉमी उगारून विचारलं.

कमळूदादाने माझ्याकडे बघितलं. त्याला तिथून पळत सुटता आलं असतं. माझी सायकल कठड्यामागे पडली होती, ती घेऊन तो आठच्या आत पोचला असता. तो एकदा सायकलकडे बघतो, एकदा टॉमीकडे, हे मी पाहिलं. मग तो आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"मारू नको, मालक. आमच्या गावचा हाय."

"तुमच्या गावात पाहुण्याला दगड मारतात का?"

"येडा हाय तो. शिकलेला हाय."

ड्रायव्हरला दोन्हींत फरक वाटला नसावा. "काय केलं होतं रे मी तुझं?" तो माझ्यावर ओरडला. "ह्या थंडीत मी काचेशिवाय घाट चढू का? कसाऱ्याला वारं कसं असतं ठाऊक आहे?"

मी काण्याची सगळी हकीकत सांगितली. निळा रंग, फुटका दिवा, क्लीनरचे दात. सांगता सांगता माझं मलाच ते इतकं बारीक वाटू लागलं की आवाज खाली खाली जात गेला. तेवढ्यात आमची ओळ आली. धुक्यातून एकेक जण उगवायचा, हिरवा ट्रक बघायचा, मला बघायचा, आणि "अरे मेहता!" म्हणत पुन्हा धुक्यात विरायचा. दहा वेळा हे झालं. दहाही जण वेळेवर पोचणार होते.

काच झाडून काढायला वेळ लागला. मी माझा मफलर आणि माकडटोपी ड्रायव्हरला दिली. त्याने ती घेतली, हुंगली, घातली. दादा टॉमीवर नजर ठेवून उभा होता. लूमच्या आवाजाकडे पाठ करून.

"चला बसा," ड्रायव्हर शेवटी म्हणाला. "दोघंही. सायकल टाका मागं. ह्याला एकट्याला रस्त्यावर ठेवणं बरं नाही."

आणि मी पहिल्यांदा ट्रकच्या केबिनमध्ये बसलो. काच नव्हती, धुकं सरळ तोंडावर येत होतं, डोळ्यांत पाणी. वरून रस्ता कसा दिसतो ते मला त्या दिवशी कळलं. दिसतच नाही. नुसतं पांढरं. पांढऱ्यात एका दिव्याची पिवळी चिमूट. आणि मग एकाएकी, अगदी बोनेटपुढे, एक पाठ, एक डब्याची पिशवी, एक डुलणारं डोकं. माणूस आहे हे कळेपर्यंत उशीर होतो. मी, मीच, ओरडलो, "हॉर्न मारा! हॉर्न!" ड्रायव्हरने मारला. ती पाठ साइडपट्टीवर उतरली, वळून तिने आम्हाला एक सणसणीत शिवी दिली. ती शिवी मला ओळखीची होती. गेल्या हिवाळ्यात मीच ओळीत आणलेली, एव्हाना रस्ताभर पसरलेली.

हे सांगून मी काण्याला माफ करतोय असं कोणी समजू नये. काण्या मुद्दामच करायचा. पण तेव्हापासून राग करायला बसलं की मध्येच ते पांढरं आडवं येतं, आणि राग नीट लागत नाही. गेल्या पावसाळ्यानंतर मुलाच्या गाडीत वडप्याकडे चाललो होतो, पुढे एक गोडाऊनचा हमाल सायकलवर, सावकाश. मुलगा हॉर्न देत नव्हता. मी हात लांब करून स्वतःच दाबला. तो माणूस खाली उतरला, आणि त्याने वळून माझ्याकडे जे बघितलं, ते मी लिहीत नाही.

कारखान्यात पोचलो तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. दादा उडी मारून आत धावला, मी मागे. बदलीवाला आत उभा होता, शर्ट काढून, हात झटकून तयार. मालक घड्याळाखाली उभे. आणि चारही लूम चालू होते. त्यांच्यामध्ये रहमतचाचा उभे होते, रात्रपाळीचे कारागीर, दादाचे जोडीदार. रात्रभर उभं राहून पाय सुजलेले, भुवयांवर कापसाची पांढरी लव.

आमच्याकडे रीत अशी की लूम थांबवून द्यायचे नाहीत. जाणारा चालू लूम येणाऱ्याच्या हातात देतो, आणि त्याने हात काढला नाही तोवर दुसऱ्याने लूमला हात लावायचा नाही. मालकानेसुद्धा नाही. चाचांनी हात काढलाच नव्हता.

"चाचा, भोंगा कब का हो गया," मालक म्हणत होते, बहुतेक दहाव्यांदा. "छोड़ो अब, बदली को दो."

"मेरा ताका बाकी है सेठ," चाचा म्हणाले. "बीच में नहीं छोड़ता मैं."

"ताका तो कल का था!"

"तो कल से बाकी है."

दादा त्यांच्याजवळ गेला. चाचांनी वर बघितलंसुद्धा नाही. त्याचा हात धरून हँडलवर ठेवला, त्यावर आपला हात क्षणभर ठेवला, आणि मग काढला. एवढंच. बदलीवाल्याने शर्ट घातला. मालकांनी चिडून मला विचारलं, "और तुम कहाँ थे?" मी म्हणालो, ट्रकमध्ये. वहीत त्या दिवशी कमळूदादाच्या नावापुढे मी 'हजर' लिहिलं, स्वतःच्या नावापुढे 'उशिरा'. इतकं खरं मी त्या वहीत एरवी क्वचितच लिहिलं असेल. चाचा जाताना माझ्या टेबलापाशी थांबले, माझ्या उघड्या डोक्याकडे बघून म्हणाले, "टोपी कहाँ गई, मेहताजी?" मी सांगितलं, नाशिकला. ते पाय ओढत निघून गेले.

दुपारच्या चहाला मी दादापाशी गेलो. लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही. कारागीर एकमेकांच्या ओठांवरून वाचतात, नाहीतर कानाशी तोंड नेऊन ओरडतात. दारातून उन्हाचा एक तिरका पट्टा येत होता आणि त्यात कापसाची लव तरंगत होती, धुक्याचं पिल्लू आत शिरल्यासारखी. मी दादाच्या कानाशी ओरडलो, "तुझं चाक दुरुस्त होईपर्यंत मी तुला माझ्या सायकलवर आणीन! रोज! पुढे बस, मागे बस, तू म्हणशील तसं!"

कमळूदादाने हात घातला आणि एक लूम थांबवला. मग दुसरा. पाळी चालू असताना त्याने आपल्या हाताने लूम थांबवलेला मी कधी पाहिला नव्हता. तिसरा थांबला, चौथा थांबला. शेजारचे कारागीर माना वळवून बघू लागले. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी सावकाश म्हणाला,

"मागं व्हतास तवा पडलो. पुढं गेलास तवा अडकलो. तू आपला घरी बस."